दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बसणारा हिसका

एप्रिलच्या शेवटी चाळीसगावहून मामेभावाचा फोन आला. "भाऊ, गाडी झटका मारस. आनी घाटमा रेस वाढस, पन गाडी पयत नही." गावात हळू चालवताना हिसका बसतो आणि कन्नडच्या घाटात इंजिनचा आवाज वाढतो तरी गाडी ओढत नाही. एकाच गाडीच्या या दोन तक्रारी वरवर उलट्या वाटतात. एकीकडे क्लच फार जोरात पकडतोय, दुसरीकडे पकडतच नाही. त्याला एका ठिकाणी सल्लाही मिळाला होता की गिअरबॉक्सचं प्रेशर वाढवणारं सॉफ्टवेअर टाकून घे, सगळं कडक होईल. तो पैसे भरायच्या बेतात होता म्हणून मी त्याला थांबवलं. का थांबवलं, ते इथे सविस्तर सांगतो, कारण अशा गाड्या धुळे-जळगावकडे आता दर दुसऱ्या गल्लीत दिसतात.

गाडी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. मूळच्या २४५/६५ आर १७ टायरच्या जागी २६५/७० आर १७. पुढे लोखंडी बंपर, वर कॅरिअर. शहरात जाऊन इंजिनचं रीमॅप केलेलं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदललेले. आणि पिकअप वाढवणारी एक छोटी पेटी ॲक्सिलरेटरच्या वायरिंगमध्ये बसवलेली.

आधी एक खुलासा. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि 'ऑटोमॅटिक' या एका शब्दात बरंच काही कोंबलं गेलं. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटार किंवा हायड्रॉलिक करते. सीव्हीटीत तर ठरावीक गिअरच नसतात. मी इथे बोलतोय तो टॉर्क कन्व्हर्टरचा बॉक्स, जो मोठ्या एसयूव्हीत असतो.

या बॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये तेल असतं. एक चाक तेल भिरकावतं, समोरचं चाक, म्हणजे टर्बाइन, त्या तेलाच्या जोराने फिरतं. वेग जमला की आतला लॉक-अप क्लच दोघांना घट्ट बांधतो आणि तेलातली घसरण थांबते. मागे ग्रहमालेसारखे गिअर असतात. ते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात, सरकत नाहीत. कुठला गिअर लागणार हे ठरतं ते कुठला भाग धरून ठेवला आणि कुठला मोकळा सोडला यावर. हे धरण्या-सोडण्याचं काम तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचे संच करतात. त्यांना दाब देतं तेल, आणि तेलाची वाट उघड-बंद करते व्हॉल्व्ह बॉडी. तिच्यातल्या सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, हुकूम देतो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर.

म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं, तर एका क्लचने सोडायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने धरायचं. रावेर-यावलकडे केळीची कापणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. कापणारा घड तोडतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर देतो. घेणाऱ्याचा खांदा नीट लागायच्या आत त्याने हात सोडला तर घड खाली जातो. खांदा लागल्यावरही हात सोडला नाही तर दोघंही अडखळतात. गिअरबॉक्समध्ये पहिला प्रकार घडला की क्षणभर कोणीच धरलेलं नसतं, इंजिनची रेस उसळते. दुसरा घडला की दोन गिअर एकाच वेळी लागल्यासारखं होतं, गाडी आवळली जाते आणि पोटात गोळा यावा तसा हिसका बसतो. या देवाणघेवाणीला साधारण अर्धा सेकंद मिळतो. ट्यूनिंग म्हणतात ते या अर्ध्या सेकंदाचं काम.

त्यातही एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. क्लचचा पिस्टन प्लेटांना टेकायच्या आधी त्याच्यामागची पोकळी तेलाने भरावी लागते. ठिबकचा व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी नळी भरते आणि मगच शेवटच्या खोडाशी थेंब पडतो, तसं. हा भरण्याचा वेळ सेकंदाचा छोटासा अंश असतो, पण तो प्रत्येक बॉक्सचा वेगळा असतो. सील जुनं झालं, प्लेटा झिजल्या, तेल तापलं की बदलतो. म्हणून कॉम्प्युटर तो स्वतः शिकत राहतो. गिअर पडताना रेस किती उसळली, किती वेळ लागला, हे बघून पुढच्या वेळी थोडं जास्त किंवा थोडं कमी भरतो. याला अडॅप्टेशन म्हणतात. मूळ स्थितीतली गाडी वर्षानुवर्षं गुळगुळीत चालते, ती या शिकण्यामुळे.

आता हिसका आणि घसरण यांतलं नातं. एका नेहमीच्या सहा गिअरच्या बॉक्सचे आकडे घेऊ: दुसरा गिअर २.३४, तिसरा १.५२. तीन हजार आरपीएमला दुसऱ्यातून तिसरा पडला की रेस साधारण १,९५० वर यायला हवी. म्हणजे १,०५० आरपीएमचा फरक क्लच प्लेटांना घासून घासून मिटवावा लागतो, आणि घासलं की उष्णता येतेच. ढोबळ हिशेब सांगतो. ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असेल आणि काम अर्ध्या सेकंदात उरकलं, तर सुमारे ८.८ किलोज्यूल उष्णता त्या एका क्लचमध्ये उतरते. अर्धा किलो पोलादाला ३५ अंशांनी तापवेल एवढी. टॉर्क ४०० झाला आणि वेळ ०.८५ सेकंद लागला, तर तीच उष्णता १८.७ किलोज्यूल होते. दुपटीहून जास्त. घाटात दर मिनिटाला दोन-तीनदा गिअर बदलत असेल तर प्लेटांना थंड व्हायला उसंत मिळत नाही. त्यांच्यावरचं कागदी अस्तर काळं पडतं, तेलाला जळका वास येतो.

वेळ कमी केला तर उष्णता घटते, पण रेस एकदम खाली ओढली जाते आणि ती ऊर्जा चाकांकडून धक्क्याच्या रूपाने बाहेर पडते. मागच्या सीटवर बसलेल्या आईची मान हलते. कंपनीचा इंजिनियर या दोन टोकांच्या मधली जागा शोधतो. थोडी उष्णता सोसायची, थोडा धक्का सोसायचा. म्हणून 'कडक गिअर म्हणजे मजबूत बॉक्स' हे अर्धंच खरं आहे. जड गाडीत, जास्त टॉर्कवर थोडा ठाम गिअर हवाच. पण सगळीकडे सरसकट दाब वाढवला की बाजारात हळू चालतानाही हिसके बसतात, तेलाचा पंप इंजिनची ताकद खातो आणि मार पुढे चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर), हौसिंगमधल्या, म्हणजे ॲक्सलच्या पेटीतल्या, क्राऊन-पिनियन गिअरवर जातो. जुन्या, पूर्ण हायड्रॉलिक बॉक्समध्ये तर दुसरा इलाजच नव्हता. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक आणला, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं गिअर कसा पडावा हे स्प्रिंगा, भोकं आणि तेलाचे मार्ग ठरवत. शिफ्ट किट म्हणजे त्याच स्प्रिंगा बदलणं आणि तीच भोकं मोठी करणं. आजच्या बॉक्समध्ये हे काम आकड्यांवर चालतं, आणि इथेच सुधारित गाडीचं खरं दुखणं सुरू होतं.

कारण गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर टॉर्क स्वतः मोजत नाही. त्याला तो इंजिनचा कॉम्प्युटर सांगतो. सांगोवांगीवर विश्वास ठेवून तो क्लचला किती दाब द्यायचा ते ठरवतो. रीमॅप करणाऱ्याने डिझेल आणि बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब) वाढवलं, पण टॉर्कचा हिशेब ठेवणारं कोष्टक जुनंच ठेवलं, तर इंजिन ४०० देतं आणि 'मी ३२० देतोय' असं कळवतं. पुष्कळदा हे मुद्दाम केलं जातं, टॉर्कची मर्यादा आडवी येऊ नये म्हणून. भावाच्या गाडीत नेमकं हेच होतं. क्लचला ३२० पुरता दाब मिळत होता आणि अंगावर ४०० येत होते. घाटात रेस उसळायची ती म्हणून.

आणखी एक गोष्ट त्या रीमॅपमध्ये बिघडलेली होती. गिअर बदलतानाच्या त्या अर्ध्या सेकंदात गिअरबॉक्स इंजिनला विनंती करतो, जरा दम धर. डिझेल इंजिन तेवढ्यापुरतं इंधन कमी करतं, पेट्रोल इंजिन स्पार्क मागे घेतं. ड्रायव्हरला हे जाणवतही नाही, पण क्लचला केवढा आधार मिळतो. त्या फाइलमध्ये ही कपात जवळजवळ काढून टाकलेली होती, 'गिअर पडताना पिकअप तुटू नये' म्हणून.

मग गावातल्या हिसक्याचं काय? तो त्या छोट्या पेटीचा प्रताप होता. ही पेटी इंजिनची ताकद वाढवत नाही. पाय २० टक्के दाबला तर पुढे ४० टक्के असं सांगते, एवढंच. गाडी चपळ वाटते ती त्यामुळे. पण गिअर कधी बदलायचा हे ज्या नकाशावर ठरतं, त्याची एक बाजू वेग आणि दुसरी बाजू हाच पाय. ४० टक्के ऐकल्यावर बॉक्स समजतो की चालकाला घाई आहे. गिअर उशिरा, जास्त रेसवर आणि जास्त जोराने टाकतो. आपण मात्र स्टेशन रोडवर रिक्षाच्या मागे निवांत चाललेलो असतो.

टायरचीही गोष्ट तशीच. २४५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७५० मिलिमीटर, २६५/७० आर १७ चा सुमारे ८०३. सात टक्के मोठा. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या वर असते. रस्त्यावर पोचणारा जोर सात टक्क्यांनी घटतो, शिवाय जड चाक फिरवायला जास्त ताकद लागते. बॉक्स सतत हिशेब करत असतो की एवढ्या टॉर्कवर गाडी किती वेग घ्यायला हवी होती. तेवढी घेतली नाही की त्याला वाटतं चढ लागलाय. पारोळ्याच्या सपाट रस्त्यावर तो चढाचं डोकं लावून बसतो. आणि खऱ्या चढावर चौथा टाकतो, गाडी ओढत नाही, तिसरा घेतो, वेग येतो, पुन्हा चौथा टाकतो. प्रत्येक खेपेला क्लच तापतो.

अशा गाडीवर कडक सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे ताप का आला ते न बघता घाम काढायचं औषध देणं. गिअरबॉक्सला वेग खोटा कळतोय, टॉर्क खोटा कळतोय, पायही खोटा कळतोय. आधी त्याला खरं कळवायला हवं. दाबाला हात लावायचा तो त्यानंतर.

त्याहीआधी गाडी खाली झोपून बघायची. कितीतरी हिसके गिअरबॉक्सचे नसतातच. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग बसलेलं असतं, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला प्ले असतो. थांबलेल्या गाडीत ब्रेक दाबून डी आणि आर आलटून पालटून टाका आणि कोणाला तरी बाजूला उभं राहून ऐकायला सांगा. 'टक्' असा धातूचा आवाज आला तर खर्च तिथे करायचा. भावाच्या गाडीत मागचं माउंटिंग फाटलेलं निघालं.

मग तेल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खानदेशात हा विषय पुण्या-नाशिकपेक्षा वेगळा आहे. हे तेल दाब देतं, गार करतं, वंगण देतं आणि प्लेटांनी कसं पकडावं तेही त्यातल्या रसायनांवर ठरतं. म्हणून 'कुठलंही लाल ऑइल चालतं' हे ऐकायचं नाही. बॉक्स बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रतीचंच टाकायचं. चालू गाडीत ते ८० ते ९५ अंशांच्या आसपास असावं. १२० च्या पुढे ते झपाट्याने बिघडतं. ढोबळ नियम असा की प्रत्येक १० अंश वाढीला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर जातो, म्हणजे कूलरवरून जाणारी हवाच तापलेली. त्यात लोखंडी बंपर आणि दिव्यांची रांग त्या हवेची वाट अडवते. 'हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं सांगितलं जातं, पण झेडएफ ही बॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं यात बदलायला सांगते. वजन ओढणाऱ्या, घाट चढणाऱ्या गाडीला मी त्यातला खालचा आकडाही थोडा आधीच धरीन.

तेलाची पातळी बघण्यात तर आपल्याकडे हमखास चूक होते. अनेक बॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना बूच उघडून पातळी बघायची असते. कित्येक बॉक्सना हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं. थंड देशात त्यासाठी इंजिन थोडं तापवावं लागतं. आपल्याकडे मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीतलं तेल इंजिन सुरू करायच्या आधीच तिथे पोचलेलं असतं आणि सुरू केल्यावर पाच मिनिटांत पुढे निघून जातं. तापलेलं तेल फुगतं, पातळी जास्त दिसते, मिस्त्री जास्तीचं सोडून देतो आणि प्रत्यक्षात तेल कमी पडतं. मग वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतो. हे काम पहाटे करायचं, स्कॅनर लावून, आकडा बघत. आम्ही साडेपाचला केलं. तेल सुमारे पाऊण लिटर कमी निघालं.

इतकं झाल्यावर भावाने विचारलं, आता सॉफ्टवेअर टाकायचं का? आधी मोजायचं, असं मी म्हटलं. स्कॅनरवर इंजिनचा वेग, टर्बाइनचा वेग, बॉक्समधून बाहेर पडणारा वेग, तेलाचं तापमान आणि गिअरचा हुकूम हे पाच आकडे नोंदवत घाट चढलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना टर्बाइन ३,००० वर होता. खाली यायच्या आधी तो ३,२४० ला पोचला आणि सगळं आटपायला ०.८५ सेकंद लागला. हीच ती उसळी. कानाला ती नुसती 'रेस वाढली' अशी ऐकू येते. आलेखात तिची उंची आणि लांबी दिसते. उंची असेल तर पकडणारा क्लच उशिरा भरतोय किंवा दाब कमी आहे. उसळी नसेल आणि वेग एकदम कोसळत असेल तर दाब जास्त आहे. बदल सुरू होताना छोटा धक्का आणि मग सगळं सुरळीत असेल तर भरण्याचा वेळ जास्त आहे. इतकं वाचता आलं की निम्मं काम झालं.

पिकअपची पेटी काढून ठेवली. बाजारातला हिसका त्या संध्याकाळी तीन चतुर्थांश गेला. एक पैसा खर्च न होता. टायरचा नवा घेर कॉम्प्युटरमध्ये भरला. त्याने स्पीडोमीटर आणि नकाशा जागेवर आला, पण गेलेला सात टक्के जोर सॉफ्टवेअरने परत येत नाही. त्यासाठी हौसिंगमधला रेशो बदलावा लागतो. मूळ ३.७३ असेल तर हिशेबाने ३.९९ हवा, आणि जवळचा प्रचलित रेशो ४.१० आहे. फोर बाय फोर असेल तर पुढचा-मागचा दोन्ही एकदमच. खर्च मोठा आहे, भावाने तो पुढे ढकलला.

रीमॅप पुन्हा लिहून घेतलं, दुसऱ्या माणसाकडून, ज्याने टॉर्कचं कोष्टक उघडून दाखवलं. ४०० चे ३६० केले आणि गिअरबॉक्सला ३६० असंच कळेल हे डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासलं. गिअर पडतानाची कपात पूर्ववत केली. रीमॅप करायला गेलात तर दुसरं काही विचारू नका, एवढंच विचारा: गिअरबॉक्सला कळणारा टॉर्क खरा राहील का? उत्तर देताना समोरचा विषय बदलू लागला तर परत या.

त्यानंतरच दाब. तोही फक्त जास्त टॉर्कच्या खान्यांत आणि फक्त दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा या बदलांना, थोडासा. नकाशात तिसरा-चौथा वर जाण्याची रेषा मधल्या पायाला थोडी उशिरा नेली आणि खाली येण्याची तिथेच ठेवली. दोघींतलं अंतर वाढलं की घाटातली वर-खाली थांबते. लॉक-अप तिसऱ्यातच लवकर लागू दिला, त्याने तेलातली घसरण आणि उष्णता दोन्ही कमी झाल्या. एका वेळी एकच बदल, तोच रस्ता, तेवढीच माणसं, तेल ८५ च्या वर गेल्यावरच चाचणी, पाय १५, ३० आणि ६० टक्क्यांवर. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

शेवटी जुनं शिकणं पुसून बॉक्सला नव्याने शिकू दिलं. हे राहून गेलं तर सगळी मेहनत वाया जाते, कारण त्याने खोट्या आकड्यांवर शिकलेले उपाय खऱ्या आकड्यांवर लावले जातात. पुसल्यावर पहिले काही दिवस गाडी आणखी वाईट वाटू शकते. तेवढ्यात घाबरून कोणाकडे न्यायची नाही. हलक्या पायाने सगळे गिअर पडू द्यायचे, पूर्ण थांबायचं, पुन्हा निघायचं. चाळीसगाव-भडगाव रस्ता त्याला उत्तम पडला.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच काढते. टायर-बंपरवर खर्च करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा तोच घाट चढलो. टर्बाइनची उसळी ४० आरपीएमच्या आत, बदलाला ०.५५ सेकंद. तेल मात्र घाटमाथ्यावर ११२ अंशांना होतं. म्हणून बंपरवरचे दिवे उतरवले आहेत आणि वेगळा कूलर बसवायचा आहे. थांबता थांबता दुसऱ्यातून पहिल्यात येताना एक छोटा ठोका अजून शिल्लक आहे. तो कुठल्या वेगाला पडतो ते भाऊ वहीत लिहून ठेवतोय.